शेरा आणि त्यामागची नोंद
(प्रस्तावना)

शिक्षणसंस्था विद्यार्थ्याशी जे काही बोलते, त्यातून पाठ्यपुस्तक वगळले तर बाकीचे बहुतेक बोलणे चार-दोन शब्दांच्या तुटक वाक्यांचेच असते : अर्ज मिळाला, शुल्क बाकी, निकाल राखून ठेवला, उत्तीर्ण, वरच्या वर्गात घातले. ही वाक्ये कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, त्यांचा कर्ता कोण हे कोणी विचारीत नाही, आणि ती लिहिणारा हातही क्वचितच क्षणभर थांबून विचार करतो. तथापि ज्या मुलाच्या नावापुढे ती पडतात, त्याच्या पुढच्या आयुष्याची वाट पुष्कळदा त्यांवरूनच ठरते. आता अध्यापनाचा आणि परीक्षेचा मोठा भाग ऑनलाइन मंचांवर गेला असल्यामुळे हे बोलणे मुख्याध्यापकांच्या टेबलावरून निघून मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. ‘उत्तर जतन झाले’, ‘अभ्यासक्रम अपूर्ण आहे’, ‘प्रमाणपत्र प्रलंबित’ असे जे स्थितिसंदेश तेथे उमटतात, ते कोठे व कोणत्या रूपात साठवावेत, आणि कोणाला, केव्हा व कोणत्या भाषेत दाखवावेत, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. संगणकप्रणाली रचणाऱ्या मंडळींतही तो बहुधा शेवटच्या आठवड्यात उरकायचा म्हणून बाजूला ठेवला जातो. परंतु ज्या विद्यार्थ्याला शिक्षक समोर दिसत नाही, त्याच्यापुरती संस्था म्हणजे हे संदेशच होत. आणि ज्या संस्थेला स्वतःचे बोलणे नीट लिहून ठेवता येत नाही व लिहिलेले नीट सांगता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवा असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? नोंद खरी आणि अखंड असावी, शेरा समजेल असा आणि सौजन्याचा असावा, आणि या दोहोंची गल्लत होऊ नये, एवढे एकच सूत्र या ग्रंथाच्या मुळाशी आहे. ते सूत्र वाशीम जिल्ह्याच्या अनुभवावर पारखून पाहावे असे ग्रंथकाराने ठरविले, याचे औचित्य पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या प्राथमिक शाळेच्या कपाटात दाखलखारीज रजिस्टर असते. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि अखेरीस शेरा, अशा रकान्यांत एकेका मुलाची एकेक ओळ तेथे भरलेली असते. या मुलखाने राज्यकर्ते बदललेले पाहिले आणि सरहद्दीही बदललेल्या पाहिल्या. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १९०५ साली वाशीम हा स्वतंत्र जिल्हा मोडण्यात आला. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम पुन्हा जिल्हा झाला. इतक्या उलथापालथीतही रजिस्टरातली ती ओळ प्रमाण मानली गेली. आज जातवैधतेसाठी आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा काढायला नातू शाळेत येतो, तेव्हा त्या काळच्या गुरुजींनी टाकाने लिहिलेले दोन शब्द त्याच्या हक्काचा आधार होतात. लिहिणाऱ्याला या उपयोगाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त तीन गोष्टी पाळल्या होत्या : घटना घडली तेव्हाच ती लिहिली, तिच्यापुढे तारीख घातली, आणि दुरुस्ती करावी लागली तेव्हा मूळ अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही केली. या तीन नियमांच्या पलीकडे स्थितिसंदेशांच्या आधुनिक शास्त्राला फारसे काही सांगायचे नाही. अडचण आहे ती हे नियम यंत्राकडून पाळून घेण्याची.

यंत्राद्वारे शिकविण्याचा पहिला मोठा प्रयोग १९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ या नावाने सुरू झाला. विद्यार्थ्याने उत्तर टंकलिखित केले की ते बरोबर की चूक हे यंत्राने तत्काळ सांगावे, हीच त्या योजनेची मोहिनी होती. म्हणजे स्थितिसंदेश हा या क्षेत्राचा नंतरचा अलंकार नसून त्याच्या जन्मापासूनचा घटक आहे. पुढे जागतिक जालाचा प्रसार झाला आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ‘वेबसीटी’, तर २००२ साली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांच्या प्रयत्नांतून सर्वांना मुक्तपणे वापरता येणारे ‘मूडल’ अवतरले. आपल्याकडे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी या संगणकसाक्षरतेच्या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यांतील तरुणांनी संगणकाच्या पडद्यावर स्वतःच्या प्रगतीचा आकडा प्रथम पाहिला. २०१७ साली केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे मंच आले.

या प्रवासात जालाचा एक स्वभावदोष पदोपदी आडवा आला. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद मुळातच विस्मरणशील आहे : प्रत्येक विनंती सर्व्हरला नवीन, आणि मागची विनंती कोणी केली होती हे त्याला आठवत नाही. १९९४ साली ‘कुकी’ नावाची खूणचिठ्ठी योजून या विस्मरणावर तोड काढण्यात आली. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका ‘सादर करा’ म्हणून पाठविली की तीच पुन्हा चुकून जाऊ नये यासाठी प्रणाली त्याला दुसऱ्या पानावर नेते. मग पहिल्या पानावर घडलेल्या गोष्टीची वार्ता दुसऱ्या पानावर कशी सांगावी? त्यासाठी संदेश तात्पुरता त्या विद्यार्थ्याच्या सत्रात ठेवायचा, पुढचे पान उघडताच एकदा दाखवायचा आणि लगेच पुसून टाकायचा, अशी प्रथा रूढ झाली. प्रथा सोयीची आहे. पण वीज गेली, रेंज तुटली किंवा पान उघडण्यापूर्वीच मोबाइल बंद पडला, तर तो एकदाच उच्चारायचा शब्द उच्चारल्यावाचूनच नाहीसा होतो. मागे काही पुरावा राहत नाही, आणि उत्तर पोहोचले की नाही या शंकेने विद्यार्थी रात्रभर तळमळतो.

साठवणुकीच्या बाबतीत आज प्रामुख्याने दोन पंथ दिसतात. पहिला पंथ केवळ सद्यःस्थिती ठेवणारांचा : प्रत्येक विद्यार्थ्यामागे प्रत्येक पाठाची एकच ओळ, आणि नवी स्थिती आली की जुनी पुसून तिच्या जागी नवी. दुसरा पंथ घटनावादी म्हणता येईल : प्रत्येक घटना तारीखवेळेसह मागील घटनेखाली लिहीत जायचे, काहीही पुसायचे नाही, आणि सद्यःस्थिती त्या साऱ्या घटनांवरून काढायची. शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. सातबारा आजचा धारक कोण ते दाखवितो, आणि तो धारक कसकसा झाला याचा इतिहास गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, सांगते. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतोच, आणि तंटा उत्पन्न झाला की वकील प्रथम तो फेरफार मागतो. पहिल्या पंथाचे शैक्षणिक मंच हे फेरफार नसलेल्या सातबाऱ्यासारखे होत. काल ‘पूर्ण’ दिसत असलेला अभ्यासक्रम आज ‘अपूर्ण’ का दिसतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

जागतिक पातळीवरील मानकांचा इतिहास या दोन पंथांमधून गेलेला आहे. २००१ सालच्या ‘स्कॉर्म १.२’ या मानकात पाठाच्या स्थितीसाठी एकच रकाना होता, आणि त्यातच उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, पूर्ण, अपूर्ण, केवळ चाळलेला, न उघडलेला अशा सहा अवस्था एकमेकींच्या शेजारी बसविल्या होत्या. पाठ संपूर्ण वाचला पण चाचणीत गुण कमी पडले, अशा विद्यार्थ्याला त्यातली कोणती अवस्था द्यावी? ‘पूर्ण’ म्हटले तर चाचणी लपते, ‘अनुत्तीर्ण’ म्हटले तर त्याचे श्रम लपतात. ही चूक ‘स्कॉर्म २००४’ मध्ये सुधारली गेली आणि पूर्णता व यश यांचे रकाने वेगळे झाले. २०१३ साली ‘एक्सएपीआय’चे पहिले अधिकृत रूप आले आणि त्याने घटनावादाला मानकाची प्रतिष्ठा दिली : कोणी, काय केले, कशाचे केले, अशा कर्ता-क्रियापद-कर्म रचनेच्या विधानांत प्रत्येक घटना नोंदवायची, आणि एकदा नोंदविलेले विधान बदलायचे नाही, चुकले असेल तर ते रद्द ठरविणारे दुसरे विधान लिहायचे. टाकाने एक रेघ मारून सही करणाऱ्या गुरुजींची शिस्तच यंत्राच्या भाषेत परत आली, असे मला हे मानक वाचताना वाटले.

‘दीक्षा’ ज्या ‘सनबर्ड’ या मुक्त प्रणालीवर उभी आहे, तिच्यात दोन्ही पंथांचा मेळ घातलेला आढळतो. पाठ सुरू झाला, संपला, प्रश्न सोडविला, अशा घटना मिलीसेकंदापर्यंतच्या काळासह वेगळ्या नोंदल्या जातात. आणि पाठाची सद्यःस्थिती मात्र एका अंकात ठेवली जाते : शून्य म्हणजे सुरू केला नाही, एक म्हणजे चालू आहे, दोन म्हणजे पूर्ण झाला. येथे अंक ठेवण्यातले शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. भांडारात ‘पूर्ण’ हा शब्द ठेवला असता तर तो एकाच भाषेचा कैदी झाला असता. अंक ठेवल्यामुळे तोच अंक मराठी शिक्षकाला मराठीत, उर्दू शाळेतील शिक्षिकेला उर्दूत आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला ध्वनिरूपात सांगता येतो. साठवायचा तो अर्थ आणि दाखवायचा तो शब्द, हा विवेक ज्याने पाळला त्याचे निम्मे काम झाले.

दर्शनाच्या बाजूस मतभेद अधिक आहेत. एक मत असे की संदेश पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर दिसावा आणि आपोआप निघून जावा, म्हणजे वाचनात व्यत्यय येत नाही. दुसरे मत असे की प्रत्येक संदेश घंटेच्या चिन्हामागील यादीत साठत राहावा आणि विद्यार्थ्याने सवडीने तो पाहावा. तिसरे मत, मंच उघडण्याची वाट न पाहता एसएमएसने संदेश घरी धाडण्याचे. ग्रंथकार यांतील एकाही मताचा कैवार घेत नाही. संदेशाचा परिणाम किती काळ टिकणार यावरून त्याचे स्थान ठरवावे, असा निकष तो मांडतो. उत्तर जतन झाल्याची वार्ता क्षणिक असली तरी चालेल, परंतु उत्तरपत्रिका नाकारल्याची वार्ता पोच मिळेपर्यंत हलता कामा नये. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थितिसंदेश हा स्वतंत्र निकष करण्यात आला, हेही येथे सांगितले पाहिजे : विद्यार्थ्याला चालू जागेवरून न हलविता स्क्रीन रीडरला संदेश वाचून दाखविता आला पाहिजे, असे तो निकष सांगतो. हिरवा रंग म्हणजे यश आणि तांबडा म्हणजे अपयश, एवढ्यावर भिस्त ठेवणारा मंच ज्याला दिसत नाही किंवा रंग ओळखता येत नाहीत त्याच्याशी बोलतच नाही.

मराठीपुरते पाहिले तर या क्षेत्रात करण्याजोगे काम डोंगराएवढे आहे, आणि या ग्रंथाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच आहे. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. त्याआधीच, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन होऊन पदनामांपासून शासनव्यवहारापर्यंतची परिभाषा घडविण्याचे काम सुरू झाले होते. कागदावरच्या मराठीसाठी जे कष्ट त्या पिढीने घेतले, ते पडद्यावरच्या मराठीसाठी अद्याप व्हायचे आहेत. आज बहुतेक संदेश इंग्रजी साच्यात मराठी शब्द ओतून तयार होतात. साचा असा की रिकाम्या जागेत नाव भरायचे आणि पुढे ठरीव प्रत्यय जोडायचा. वाशीम जिल्ह्याचे सहाच तालुके घेतले तरी या साच्याचा फोलपणा उघड होतो. वाशीम, रिसोड, मालेगाव आणि मंगरूळपीर यांना ‘चा’ जोडला तर निभावते. परंतु कारंजा आणि मानोरा येथे यंत्र ‘कारंजाचा’ आणि ‘मानोराचा’ असे लिहून मोकळे होते, आणि कारंज्याचा, मानोऱ्याचा माणूस ते वाचून हा मंच आपल्यासाठी नाही असे मनाशी ठरवितो. ‘ती उत्तीर्ण झाला’ असा लिंगभेदाचा घोटाळा, ‘एक धडे बाकी’ असा वचनाचा घोटाळा, आणि सत्तावन्न वर्षांच्या शिक्षिकेला ‘तू पुन्हा प्रयत्न कर’ असे सांगणारा अनादर, हे सारे त्याच साच्याचे परिणाम होत. उपाय अवघड नाहीत. प्रत्यय लावण्याऐवजी ‘तालुका : मानोरा’ अशी रचना करावी, एकवचन व अनेकवचन यांची वाक्ये स्वतंत्र लिहावीत, मोठ्यांना आपण आणि मुलांना तू म्हणावे, मात्र त्यासाठी मराठी वाक्य हे मराठीतच प्रथम लिहिले जावे लागते.

लिपीचाही एक प्रश्न आहे, आणि त्याची मुळे हिशेबात आहेत. रोमन अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० वर्ण मावतात, देवनागरीच्या केवळ ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक खूण वेगळा वर्ण म्हणून मोजली जाते. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा एकच शब्द त्यामुळे सतरा वर्ण खातो. एका संदेशाच्या जागी दोन किंवा तीन पाठवावे लागले की खर्च वाढतो, आणि मग पालकाच्या हाती रोमन अक्षरांतली मराठी पडते, जी त्याला अडखळत वाचावी लागते. मर्यादा सत्तर वर्णांची आहे हे आधी ध्यानात धरून मराठी मसुदा केला, तर ‘गृहपाठ मिळाला. तपासून सोमवारी कळवू.’ इतके स्वच्छ वाक्य त्यात आरामात बसते.

हे सारे आजच का महत्त्वाचे? २०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्यासमवेत वाशीमचा समावेश झाला. शिक्षण हा त्या योजनेतील मापनाचा एक प्रमुख विषय असल्यामुळे या जिल्ह्यातील शाळांवर आकडे भरण्याची आणि आकड्यांवरून जोखले जाण्याची वेळ वारंवार आली. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाचे दुवे मोबाइलवर येऊ लागले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑनलाइन झाले, आणि प्राथमिक शाळांच्या शिक्षकांनी ‘दीक्षा’वर एकामागून एक असे १८ अभ्यासक्रम पुरे केले. ज्या तांड्यावर वा वस्तीवर रेंज जेमतेम मिळते, तेथे पाठ उतरवून घेऊन नेटवाचून पाहायचा आणि गावात आल्यावर प्रगती जुळवून घ्यायची, ही रीत शिक्षकांच्या अंगवळणी पडली. या रीतीत मोबाइलवरची स्थिती एक आणि सर्व्हरवरची दुसरी, अशी तफावत काही तास, क्वचित काही दिवस राहते. त्या मधल्या काळात पडद्यावर केवळ ‘अपूर्ण’ लिहिणे हे असत्य होय. ‘आपल्या मोबाइलवर पूर्ण, केंद्राकडे पोहोचायचे आहे’ हे सत्य होय. आणि त्या सत्याला स्वतःचा अंक, स्वतःचे वाक्य मिळाले पाहिजे.

शेऱ्याचा परिणाम आता एकट्या मुलापुरता राहिलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे. २०१५ पासून राज्यातील विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत भरली जाते. आधार पडताळणीत एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘इनव्हॅलिड’ असा शेरा पडला, आणि आधार वैध असलेलीच पटसंख्या संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरविण्यासाठी, धरली गेली, तर त्या शाळेला मिळणाऱ्या शिक्षकपदांवरच गदा येण्याचा संभव असतो. मूल तर वर्गात बसलेले आहे! अवैध आहे ते त्याच्या नावाच्या दोन लेखनांतील जुळणी, किंवा जन्मतारखेचा एखादा आकडा. शेऱ्याने तेवढेच म्हणावे, काय जुळत नाही ते सांगावे, आणि दुरुस्ती कोठे करावी तेही सांगावे. मुलालाच अवैध ठरविणारा शब्द वापरू नये. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने नागरिकाला स्वतःच्या माहितीची दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला आहे आणि अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक मानली आहे. जो शेरा विद्यार्थ्याला दिसतच नाही, त्याची दुरुस्ती तो मागणार कशी? म्हणून दर्शन हा सजावटीचा नव्हे, हक्काचा प्रश्न झाला आहे. आणि उलट बाजूने, एका मुलाचे अपयश साऱ्या गटाच्या पडद्यावर झळकविणे हा त्याच हक्काचा भंग होय. शेरा ज्याचा त्याला आणि ज्याच्यावर त्याची जबाबदारी आहे त्याला, एवढ्यांनाच तो दिसावा.

प्रस्तुत ग्रंथ हा प्रणाली रचणाऱ्या अभियंत्यांसाठी आहे, तसाच तो मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि संगणक हाताळणारे शिक्षक यांच्यासाठीही आहे. आणि दोहोंना एकाच भाषेत बोलता यावे, ही त्याची खरी महत्त्वाकांक्षा आहे. अभियंत्याला त्यात भांडाराची रचना, अंक आणि वाक्य यांची फारकत, घटनांची वही आणि तिच्यावरून काढायची सद्यःस्थिती यांचे पायरीपायरीने विवरण सापडेल. शिक्षकाला आपल्या मंचाकडे काय मागावे आणि मिळाले नाही तर नेमक्या कोणत्या शब्दांत तक्रार करावी, हे कळेल. कोणत्याही एका कंपनीच्या किंवा खात्याच्या प्रणालीची स्तुती वा निंदा करणे हा ग्रंथाचा हेतू नाही. प्रणाली बदलत राहतील. नोंदीची आणि शेऱ्याची शिस्त बदलण्याचे कारण नाही. ग्रंथकाराने सर्व उदाहरणे मराठी वाक्यांची घेतली आणि ती मराठीतच रचली, हा या ग्रंथाचा विशेष मी आवर्जून नमूद करतो, कारण या विषयावर मराठीत विचार करता येतो याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

वाचकाने हा ग्रंथ हाती घेतल्यावर आपल्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या मंचावरील कोणतेही दहा संदेश कागदावर उतरून काढावेत आणि प्रत्येकास तीनच प्रश्न विचारावेत : काय घडले ते यात सांगितले आहे का, केव्हा घडले ते सांगितले आहे का, आणि आता मी काय करावे ते सांगितले आहे का? ज्या संदेशांना ही उत्तरे देता येत नाहीत, ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे याचा शोध घ्यावा आणि त्याच्याकडे लेखी मागणी करावी. वाशीमच्या सहा तालुक्यांतील काही शाळांनी एवढे जरी केले, तरी हा ग्रंथ लिहिण्यामागचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.